तुम्ही विचारलंत म्हणून : सिकंदराऐवजी मी इराणबद्दलच का बोलते?

पांडवलेण्यांच्या पायऱ्या उतरताना हा प्रश्न मला हमखास येतो. नाशिकच्या शाळेत मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्तीनंतर कुणी पाहुणे आले, कुणाची भाचरं सुट्टीला आली, की त्यांना लेणी दाखवायला घेऊन जाते. दहाव्या लेण्यात शक राजा नहपान याच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यातल्या ‘क्षत्रप’ शब्दापाशी मी थांबते, हा शब्द इराणच्या वाटेनं आला असं सांगते आणि मग पुढचा अर्धा तास इराणचाच होतो. खाली आल्यावर कुणीतरी विचारतंच, “बाई, जग जिंकलं सिकंदरानं. त्याच्याबद्दल दोन वाक्यं आणि हरलेल्या इराण्यांबद्दल एवढं?”

तर नीट सांगते. सिकंदरानं जे जिंकलं, ते दोनशे वर्षं आधीपासून नांदतं, बांधलेलं राज्य होतं. ते कुणी बांधलं आणि कशानं टिकलं, हे मला सांगावंसं वाटतं.

सुरुवात अगदी लहान होती. इ.स.पू. 559 च्या सुमारास या साम्राज्याचा संस्थापक सायरस गादीवर आला तेव्हा तो अनशान नावाच्या डोंगराळ मुलखाचा राजा होता. इ.स.पू. 550 मध्ये त्यानं मीड लोकांचं राज्य घेतलं, चार-पाच वर्षांत लिडियाची (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या राज्याची) राजधानी सार्डिस घेतली आणि इ.स.पू. 539 मध्ये बाबिलोन. बाबिलोनमध्ये सापडलेल्या मातीच्या नळकांड्यावर त्याचा लेख आहे. त्यात तो इराणी देवांचं नाव घेत नाही. बाबिलोनच्या मर्दुक देवानंच मला निवडलं, असं तो बाबिलोनच्या भाषेत सांगतो. त्याचा मुलगा कंबायसिस यानं इ.स.पू. 525 मध्ये इजिप्त घेतलं. तिथं हरलेल्या राजाच्या आरमाराचा अधिकारी उजाहोररेस्नेत यालाच त्यानं जवळ केलं आणि इजिप्तच्या रीतीप्रमाणे आपली राजपदवी त्याच्याकडून रचून घेतली. जिंकलेल्या मुलखातला जाणता माणूस कामावर ठेवायचा, ही रीत तेव्हाच पडली.

पण मी खरी अडकते ती कंबायसिसनंतरच्या राजापाशी, दार्युशपाशी. इ.स.पू. 522 मध्ये तो सत्तेवर आला तेव्हा निम्मं साम्राज्य बंडात होतं. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर त्यानं तीन भाषांत कोरून ठेवलंय की 19 लढाया करून मी नऊ राजे पकडले. त्यांतल्या एकाचं नाक, कान, जीभ कापून, डोळा फोडून त्याला सुळावर चढवलं, हेही तिथं अभिमानानं लिहिलंय. मुलांना मी हे कधी गाळून सांगितलं नाही. हे साम्राज्य दयेवर चाललं, असं माझं म्हणणं मुळीच नाही.

मग कशावर चाललं? त्यासाठी मी ओरोइतीसची गोष्ट सांगते. ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवली आहे. ओरोइतीस हा सार्डिसचा सत्रप, म्हणजे आपल्या भाषेत सुभेदार. जुन्या पर्शियनमध्ये त्या शब्दाचा अर्थ राज्याचं रक्षण करणारा. आपल्याकडचा ‘क्षत्रप’ तो हाच; ‘क्षत्र’ या शब्दाशी आणि ‘पा’ (राखणं) या धातूशी त्याचं सख्खं नातं. हा ओरोइतीस शिरजोर झाला, राजाचा जासूदही त्यानं मारवला. त्याच्याजवळ हजार पर्शियन शिपायांचा पहारा. दार्युशनं फौज पाठवली नाही. बागायोस नावाचा एकच सरदार गेला, सोबत राजमुद्रा उठवलेली बरीच पत्रं घेऊन. प्रत्येक सुभेदाराच्या पदरी राजाचा लेखनिक असे. बागायोसनं एकेक पत्र त्याच्या हाती दिलं आणि तो ते मोठ्यानं वाचत गेला. बागायोस पहारेकऱ्यांचे चेहरे न्याहाळत होता. पत्रांना ते मान देताहेत हे पाहून त्यानं पुढचं पत्र काढलं, “राजा दार्युशची आज्ञा : ओरोइतीसचा पहारा सोडा.” शिपायांनी भाले खाली ठेवले. मग शेवटचं पत्र, “ओरोइतीसला ठार करा.” त्यांनी तलवारी उपसल्या आणि तो तिथंच संपला.

राजा होता हजार मैलांहून दूर, सूसा या राजधानीच्या बाजूला. पण राजमुद्रेच्या कागदानं (कागद म्हणजे तेव्हा कातडं नाहीतर पपायरस) सुभेदाराच्या अंगरक्षकांचे हात हलवले. ही गोष्ट पन्नास वेळा सांगूनही माझ्या अंगावर काटा येतो. एका पत्राला असा मान कधी मिळतो? त्याच्या आधी हजार पत्रं वेळेवर पोचलेली असतात, त्यांतला शब्द पाळला गेलेला असतो, तेव्हा.

ती हजार पत्रं कशी असत, हेही आज कळतं. पर्सिपोलिस या इराणी राजांच्या दुसऱ्या राजधानीत 1933-34 मध्ये तटबंदीच्या भिंतीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. इ.स.पू. 509 ते 493 या काळातल्या, बहुतेक एलामी या तिथल्या जुन्या भाषेत. त्यांत लढाया नाहीत, शिधा आहे. कुणाला किती जव, किती मद्य, कुठल्या कोठारातून, कुणाच्या हुकमावरून. हिंदुश, म्हणजे सिंधूच्या मुलखातून सूसाला निघालेल्या प्रवाशांचाही शिधा त्यांत मांडलेला आहे. बाळंत बाईला जादा धान्य मिळे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट, हे वाचून मन खट्टू होतं. एका पाटीत कारभारी पर्नाका लिहितो की राजघराण्यातल्या इर्तश्दुनेला माझ्या कळपातल्या शंभर मेंढ्या द्या, असं दार्युश राजानं मला सांगितलं, आणि राजानं जसं मला सांगितलं तसं मी तुम्हाला सांगतो. राजाला स्वतःच्याच मेंढ्या द्यायच्या, तरी त्याचा शब्दसुद्धा दप्तरातून, पायरीपायरीनं खाली जात होता.

पुढच्या शतकातलं एक पत्र माझं सर्वांत लाडकं. इजिप्तचा सुभेदार अर्शाम आपल्या कारभाऱ्याला मेसोपोटेमियाकडून इजिप्तला पाठवतोय. सोबत कातड्यावर अरामी भाषेत प्रवासाचा परवाना. वाटेवरच्या अधिकाऱ्यांनी त्याला रोज इतकं पीठ, इतकं मद्य, नोकरांना इतकं, घोड्यांना इतका चारा द्यावा. आणि शेवटी अट, एका गावात एका दिवसापेक्षा जास्त राहिला तर जादा दिवसांचा शिधा देऊ नये. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला वाटेत रेंगाळणारी माणसं चांगली ठाऊक होती!

माझे वडील तलाठी होते. मोजणीची साखळी आणि दप्तराचा लाल रुमाल बघत मी वाढले. म्हणून असेल, पण आर्ताफर्नीसचं काम मला फार मोठं वाटतं. आयोनियातल्या (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या) ग्रीक शहरांनी बंड केलं, इराण्यांनी इ.स.पू. 494 मध्ये त्यांतलं मायलीटस उद्ध्वस्त केलं, उरलेल्या माणसांना तैग्रिस नदीच्या मुखाकडे नेऊन वसवलं. हे सगळं निर्दयच. पण पुढच्या वर्षी सार्डिसचा सुभेदार आर्ताफर्नीस यानं त्या शहरांच्या जमिनींची मोजणी केली आणि त्यावर कर बसवला. एकमेकांवर धाडी घालण्याऐवजी तंटे निवाड्यानं सोडवण्याचा करार त्यांच्याकडून करून घेतला. तो कर आपल्या काळापर्यंत तसाच चालू आहे, असं हिरोडोटस सांगतो. रक्तपातानंतरच्या वर्षी मोजणीदार आला, ही गोष्ट शाळेत शिकवली जात नाही.

ग्रीकांबद्दल मला आदर नाही, असं समजू नका. अथेन्सनंही साम्राज्य उभारलंच. इ.स.पू. 478 मध्ये इराणविरुद्ध शहरांचा संघ झाला, डेलॉस बेटावर खजिना ठेवला, आणि इ.स.पू. 454 मध्ये तो खजिना अथेन्सला आला. त्या शहरांच्या खंडणीचा साठावा हिस्सा अथीना देवीला. त्याच्या याद्या शिळांवर कोरून सर्वांसमोर उभ्या केल्या, आणि अधिकाऱ्याला मुदत संपल्यावर लोकांपुढे हिशेब द्यावा लागे. इराणचा हिशेब राजासाठी होता, अथेन्सचा चौकात होता. हे मी मनापासून मोठं मानते. मात्र ज्या शहरांचा पैसा त्या शिळेवर होता, त्यांना त्या चौकात आवाज नव्हता. त्यातच इ.स.पू. 451 चा कायदा असा की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व. इजिप्तचा उजाहोररेस्नेत सूसाच्या दरबारी वावरू शकला, तशी जागा अथेन्सनं आपल्या खंडणीदारांना दिली नाही. इ.स.पू. 404 मध्ये ते साम्राज्य गेलं.

आता सिकंदर. इ.स.पू. 331 मध्ये गौगामेलाची लढाई जिंकून तो बाबिलोनला आला आणि तिथला सत्रप म्हणून त्यानं नेमला माझायोस, काही दिवसांपूर्वी त्याच रणात इराणची उजवी फळी लढवणारा सरदार. फौज मात्र एका मॅसेडोनियन, म्हणजे सिकंदराच्याच मुलखातल्या माणसाकडे, करवसुली दुसऱ्याकडे. तो हुशार होता, हे जुनं घर मोडायचं नाही हे त्याला कळलं होतं. पर्सिपोलिस त्यानं जाळलं तरी सत्रप, वाटा, खजिने, कोठारं सगळं चालू ठेवलं. पण त्या यंत्रणेला लागणारा वेळ त्यानं दिला नाही, तो पुढेच जात राहिला. हिंदुस्थानातून परतल्यावर इ.स.पू. 324 मध्ये त्याला कित्येक सत्रपांना शिक्षा कराव्या लागल्या. त्याचा लहानपणचा मित्र आणि खजिनदार हार्पालस तर पैसे घेऊन अथेन्सला पळाला. पुढच्या जूनमध्ये सिकंदर बाबिलोनमध्ये वारला, वय 32. वारस म्हणून एक दुबळ्या बुद्धीचा सावत्र भाऊ आणि एक अजून न जन्मलेलं मूल. सेनापतींनी सुभे वाटून घेतले, आणि मग वीसहून अधिक वर्षं ते एकमेकांशी लढले.

त्यांच्यात सेल्यूकसनं सर्वांत मोठा तुकडा सांभाळला. कसा, तर सत्रप नेमून. त्याची राणी अपामा ही सिकंदराशी लढलेल्या स्पितामेनीसची मुलगी. त्यांचा मुलगा अँटायोकस पुढे राजा झाला.

आणि तो शब्द चालत राहिला. ग्रीकांकडून, पार्थियनांकडून, शकांकडून, थेट आमच्या नाशिकच्या डोंगरापर्यंत. उषवदात आपल्या सासऱ्याला ‘क्षहरात क्षत्रप’ म्हणतो; क्षहरात हे नहपानाचं घराणं. थोडं पलीकडे, तिसऱ्या लेण्यात, सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन आहे : क्षहरात वंश निःशेष करणारा. नहपानाची नाणी 1906 मध्ये जवळच्या जोगलटेंभीला सापडली, चांदीची, 13,000 हून अधिक. त्यांवर ग्रीक अक्षरं आहेत, ब्राह्मी आहे आणि खरोष्ठीही आहे, म्हणजे इराणच्या कारकुनांच्या अरामीवरून घडलेली लिपी. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला. काहींवर त्या ठशाखालून जुनी ग्रीक अक्षरं अजून डोकावतात.