शुगर लो होतेय? आधी नसांच्या गोळीचं पाकीट उलटून बघा

डायबेटीसची गोळी चालू नाही, इन्सुलिन कधी टोचलं नाही, तरी जेवून तीन-चार तास झाले की दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढं अंधारी. ग्लुकोमीटरवर 45. साखरपाणी पाजलं की माणूस ताळ्यावर येतो. मग स्वादुपिंडातल्या गाठीची शंका येते आणि सीटी स्कॅनची चिठ्ठी मिळते. ती घेऊन लातूर-संभाजीनगर गाठायच्या आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता.

पायाची आग, मुंग्या यांसाठी मिळणाऱ्या ‘नसांच्या गोळीत’ मिथाइलकोबालमिनच्या जोडीला बऱ्याचदा अल्फा लिपोइक ॲसिड असतं. थायरॉइडचं हार्मोन जास्त झाल्यावर कार्बिमॅझोल देतात. काही जणांच्या शरीरात अशा औषधांमुळं इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. जेवणानंतर सुटलेलं इन्सुलिन त्या धरून ठेवतात, म्हणून शुगर आधी चढते. नंतर तेच इन्सुलिन अवेळी मोकळं होतं आणि शुगर धाडकन खाली येते. जपानच्या डॉ. हिराटांनी 1970 मध्ये हा आजार (इन्सुलिन ऑटोइम्यून सिंड्रोम) मांडला. तो न ओळखल्यामुळं स्वादुपिंडाची विनाकारण ऑपरेशनं झालेली आहेत.

खरी मेख रक्ताच्या नमुन्यात आहे. शुगर 55 च्या खाली असतानाच शिरेतून रक्त घ्यायचं, साखर त्यानंतर. मात्र माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर नमुन्यासाठी थांबू नका. ग्लुकोजसाठी करड्या बुचाची नळी. इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) आणि इन्सुलिन अँटिबॉडीसाठी वेगळी. सीरम लगेच वेगळं करून बर्फात पाठवायचं. मे महिन्यात तालुक्याच्या लॅबमधून नळी तशीच गाडीत टाकली तर पेशी ग्लुकोज खात राहतात, शिवाय पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी दिसतं.

रिपोर्ट आला की दोन्ही एकाच मापात (pmol/L) आणायला इन्सुलिनला (µU/mL) 6 नं आणि सी-पेप्टाइडला (ng/mL) 331 नं गुणा. इन्सुलिन 600, सी-पेप्टाइड 6 असेल तर 3600 आणि 1986. एरवी सी-पेप्टाइडचा आकडा मोठा असतो. इथं उलटं झालंय आणि सी-पेप्टाइडही भरपूर आहे, म्हणजे संशय अँटिबॉडीवर. बाहेरून इन्सुलिन टोचलं असतं तर सी-पेप्टाइड तळाला गेलं असतं.

डॉक्टरांना विचारून ती गोळी बंद केली की बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो. तोवर थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायचं: भाकरी, वरण, शेंगदाणे चालतील, उसाचा रस, गोड चहा नको. ॲकारबोज दिलं असेल तर शुगर उतरल्यावर घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फुटूच देत नाही ही गोळी. तेव्हा ग्लुकोज पावडरच हवी. घरात डबा ठेवाच.

मान-काखेतली कातडी काळी, मखमली झाली असेल, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल आणि शुगर उपाशीपोटी उतरत असेल, तर अँटिबॉडी इन्सुलिनच्या रिसेप्टरवरही (पेशीवर इन्सुलिन चिकटतं त्या जागेवर) असू शकतात. हे त्याहून दुर्मीळ.

शुगर उतरतेय, सोबत वजन घटतंय, हिरड्या काळवंडल्यात, बीपी खाली आहे? मग मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी तपासा. तिथं ऑटोइम्यूनइतकाच टीबीचाही विचार करावा लागतो. सकाळी आठचं कॉर्टिसॉल (याच ग्रंथीचं हार्मोन) स्टिरॉइड सुरू करण्याआधी काढा. एकदा गोळी पोटात गेली की तो आकडा वाचता येत नाही. फक्त माणूस बीपी पडून अत्यवस्थ असेल तर नमुना घेऊन स्टिरॉइड लगेच, रिपोर्टची वाट न बघता.