कागद नाही, पण बाळ आहे ना?

आधार कार्ड नसेल तर बाळाला लस द्यायची नाही, असा नियम कुठेही नाही. सरकारी केंद्रावरची नेहमीची लस फुकट असते आणि समोर येईल त्या प्रत्येक बाळासाठी असते. मी नर्स म्हणून गोव्यात डिचोलीत आणि पुढे पर्वरीच्या बाजूला नोकरी केली. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतून फिरताना एकच उत्तर सारखं कानावर यायचं, "अक्का, कागद नाही."

कर्नाटकातल्या कोप्पळकडची एक बाई आठवते. कडेवर दहा महिन्यांचं मूल. लसीचं कार्ड सामान हलवताना हरवलेलं. ती एका केंद्रावर गेली होती, पण खिडकीवर आधार मागितलं, "तुम्ही खंयची?" म्हणजे कुठली, असं विचारलं, तशी मागे फिरली. मी बाळाचा डावा दंड बघितला. बीसीजीचा, म्हणजे जन्मतः देतात त्या क्षयाच्या लसीचा वण होता, म्हणजे सुरुवात तरी झालेली होती. बाकीच्याचा पुरावा नसला की ती लस दिलेली नाही असं धरायचं आणि वयाप्रमाणे द्यायची. त्याच दिवशी गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्र लस दिली, नवीन कार्ड लिहून दिलं. पुढचा डोस चार आठवड्यांनी. तोवर तिथला स्लॅब टाकून झाला होता आणि कंत्राटदाराने माणसं दुसऱ्या साइटवर नेली होती. ते कार्ड तिने तिथे कुणाला दाखवलं असेल का, हा विचार मला अजून सोडत नाही. राहिलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, एवढं मी तिला दोनदा सांगितलं होतं.

भीती येते कुठून? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना म्हणजे गोवा सरकारचा आरोग्य विमा, तिला गोव्यात 5 वर्षांचं वास्तव्य लागतं. 2018 पासून सरकारी इस्पितळात गोव्याबाहेरच्यांना शुल्कही लागू झालं. या अटी उपचारांच्या खर्चाच्या, पण बाई एकदा खिडकीवरून परतली की तिला सगळीच दारं बंद वाटतात. त्यात लसीचा दिवस कामाचा, सकाळचा. गेली तर रोज बुडतो, रात्री बाळाला ताप आला तर दुसऱ्या दिवशीचाही.

अशी वेळ आली की वाट काढता येते, हे आपण पाहिलेलं आहे. 2021 च्या मे महिन्यात ओळखपत्र नसलेल्यांना कोविडची लस देण्यासाठी केंद्राने वेगळी पद्धत ठरवली. ते तान्ह्या मुलांसाठीही तितकंच मनावर घ्यायला हवं. गोवर थोपवायचा तर 95 टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत आणि गोवर भायलो-गोंयकार, म्हणजे बाहेरचा की गोव्याचा, हे बघत नाही. 2024 साली दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर खलाशांमध्ये कॉलरा पसरला, माणसं गेली. ती सगळी कष्टकरी, परप्रांतातून आलेली.

मला एक गोष्ट करता येण्यासारखी दिसते. मलेरियासाठी इथे बांधकाम मजुराला हेल्थ कार्ड लागतं. कंत्राटदार बाप्यांना रक्त तपासायला आणतोच. त्याच फेरीत बायको आणि मुलं आणायला सांगा, आणि तिथेच लस द्या. तुमच्या वाड्यावर इमारत उभी राहत असेल तर कंत्राटदाराशी बोला, पंचाच्या कानावर घाला. आणि त्या बाईला लसीचा वार सांगा. कागद लागत नाही, हे आधी सांगा.