आधी जाळी, मग ट्विस्ट

ओरिगामीचं टेसलेशन, म्हणजे एकाच कागदात घड्यांनी केलेली पुन्हापुन्हा येणारी नक्षी, फसतं तेव्हा दोष ट्विस्टला, म्हणजे कागद फिरवून सपाट बसवलेल्या घडीला दिला जातो. खरं तर ते तासभर आधीच, जाळी म्हणजे सारख्या अंतरावरच्या घड्यांच्या रेघा पाडताना बिघडलेलं असतं.

नागपुरात कागदाइतकीच हवाही बघावी लागते. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की ट्रेसिंग पेपर घडीवरच तडकतो. कूलर सुरू केला की उलटी तऱ्हा, तोच कागद मऊ पडून लहरतो. कागद ओल धरताना सगळीकडून सारखा फुगत नाही, धाग्याच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडव्या दिशेला जास्त फुगतो. म्हणून कापणं आणि जाळी एकाच बैठकीत उरकावी, शक्यतो पहाटे, कूलर बंद ठेवून.

कागद ९० जीएसएमचा ट्रेसिंग पेपर घ्यावा, नाहीतर पुस्तकांना कव्हर घालायचा साधा खाकी. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा खाकी कागद सीताबर्डी-महालात कुठेही मिळतो. चकचकीत, प्लास्टिकचा थर असलेला मात्र नको, त्यात घडी टिकतच नाही. पतंगाचा ताव दिसायला मोहक, पण घडी दोन्ही बाजूंनी मोडली की रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोक पडतं.

सुरुवातीला ए-४ पुरतो. कागदाच्या मध्यातून लांबीच्या दिशेने रेघ मारा, कंपासमध्ये १२ सेंमी घ्या. टोक कागदाच्या मध्यबिंदूवर रुतेल, तिथे खालून चिकटपट्टी लावा, नाहीतर नेमकं मधल्या ट्विस्टच्या पोटात भोक राहतं. पूर्ण वर्तुळ कागदात मावणार नाही, त्याची गरजही नाही. मधल्या रेघेवर पहिला बिंदू घेऊन तेवढ्याच अंतराने सहा बिंदू पाडले की षटकोन तयार. समोरासमोरच्या बाजूंत जेमतेम २०.८ सेंमी अंतर, म्हणजे २१ सेंमी रुंदीत तो बसतो.

तो कापून घ्या. आता प्रत्येक दिशेला १६ पट्ट्या, म्हणजे १५ घड्या. दिशा तीन, एकूण घड्या ४५, पट्टी १.३ सेंमीची. आधी अर्धा, मग पाव, मग आठवा भाग, मग सोळावा. प्रत्येक घडी एकेरी कागदावर, कड आधीच्या रेघेला भिडवून. वेळ वाचवायला दुमडलेल्या कागदावरच पुढची घडी घातली तर आतला थर मागे राहतो आणि रेघा सरकतात. तिन्ही दिशांच्या रेघा एकाच बिंदूत मिळायला हव्यात. तिथे टिचभर त्रिकोण दिसायला लागला तर तो कागद सरावाला ठेवा, त्यावर पुढे मेहनत करू नका. शेवटी सगळ्या घड्या उलट्या बाजूनेही मोडून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मा छंद हाच आहे. दाबायला स्टीलच्या चमच्याची पाठ पुरते.

पहिला ट्विस्ट षटकोनी करा. मध्यबिंदूभोवतीचे सहा छोटे त्रिकोण मिळून जो षटकोन होतो, त्याच्या सहाही बाजू डोंगर, म्हणजे वर उठलेल्या घड्या. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून दोन रेघा बाहेर जातात, एक डोंगर, एक दरी, म्हणजे आत गेलेली घडी. साडीच्या निऱ्यांसारख्या सहा निऱ्या चिमटीत उभ्या करा, सगळ्या एकाच दिशेला कलवा आणि मधला षटकोन अंगठ्याने हळूहळू फिरवत खाली बसवा. एकेक निरी आधीच सपाट करायला गेलात तर सहावी कधीच बसत नाही. अडलं की कोपऱ्याच्या चार रेघा मोजा: तीन डोंगर, एक दरी. सपाट बसणाऱ्या घडीत दोन्हींत दोनाचाच फरक असतो, हा जपानी ओरिगामीकार माएकावांचा नियम. दोन-दोन भरले तर एक रेघ उलटी गेली आहे.

शेजारचा ट्विस्ट कागदाच्या त्याच बाजूला हवा असेल तर तो उलट दिशेने फिरतो. दोघांमधली निरी एकच, ती एका टोकाकडून डावीकडे पडलेली दिसते तर दुसऱ्याकडून उजवीकडे. आणि एक पट्टी रुंद निरी दोन पट्ट्यांचा कागद खाते. १६च्या जाळीत म्हणूनच फार ट्विस्ट मावत नाहीत. जपानी ओरिगामीकार शुझो फुजिमोतो १९७०च्या दशकात जसे नमुने करत, तसल्या भरगच्च नक्षीसाठी ३२ची जाळी लागते, म्हणजे ९३ घड्या.

पावसाळ्यात निऱ्या फुगून उघडतात. तयार नमुना वर्तमानपत्रात गुंडाळून जाड पुस्तकांखाली ठेवावा, किंवा दोन काचांत बंद करून खिडकीत लावावा. ट्रेसिंग पेपरचा असेल तर उजेडात तिहेरी थरांच्या निऱ्या गडद दिसतात, आणि जाळीतली चूकही.