रंग तुझा नाही गं उतरला, माई

झोप येणार नाहीये असं दिसतंय तर लिहूनच काढते. प्रिंटरचं सगळं जमलं आज, म्हणजे प्रिंटर बिघडलाच नव्हता मुळात. पण डोक्यातून जात नाहीये ती माई.

माईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अल्बम मी घरीच करणार हे सगळ्यांना मीच सांगितलं होतं. ह्याच प्रिंटरवर ह्याच कागदावर दिवाळीचे फोटो काय सुरेख आले होते, सोनूच्या झग्यातला अबोली रंग अगदी जसाच्या तसा. मग मध्ये लॅपटॉपने रात्री कधीतरी मोठा अपडेट घेतला, सकाळी सगळे मेनू इकडचे तिकडे, आणि त्यानंतर ह्या आठवड्यात पहिल्यांदा प्रिंट काढायला बसले. पहिला फोटो माईचा, औक्षणाचा. निरांजनाचा उजेड गालावर पडलाय तो. बाहेर आला तो असा की बघवेना. डाळिंबी साडी विटकरी दिसतेय, जरीचे काठ मातकट, आणि ज्या गालावर उजेड होता तिथे नुसते करडे दाणे दाणे, राखेचं बोट फिरवल्यासारखे. पांढऱ्या केसांमधून बारीक आडव्या रेघा.

मी तो बाजूला ठेवला आणि दुसरा पाठवला, तेवढ्यात माई आली आणि तिने उचलला. चष्मा वर करून, कागद नाकाजवळ नेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "उतरला गं रंग माझा. थकले मी." आणि वर म्हणाली छान आलाय. तो फोटो घेऊन ती आत गेली.

मी काहीतरी बोलायला हवं होतं की नको, माहीत नाही. पण ते वाक्य तेव्हापासून कानात आहे. तिला वाटलं की ती अशी दिसते. मशीनने जे केलं ते तिने स्वतःच्या वयावर घेतलं. म्हणजे आरशात रोज बघते ती स्वतःला, तरी कागदावर आलं म्हणून ते खरं मानलं.

त्यात बाकीच्यांचं सुरू. दादा फोनवर म्हणाला लॅबला दे ना, चार पैसे जातील, कशाला जीव काढतेस. दादाला काय, तो कार्यक्रमालाही... जाऊ दे. बंटी म्हणाला फोटोच व्हॉट्सॅपवरून घेतला असशील, फाटणारच. अरे कॅमेऱ्यातून थेट घेतलाय. चार बाय सहाला तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, बाराशे बाय अठराशे पिक्सेल लागतात, माझ्याकडे त्याच्या कितीतरी पट आहेत. दुकानवाल्याने तर न बघताच सांगून टाकलं की शाई फवारणारं हेड गेलं, नाहीतर हेड क्लीनिंग मारत राहा. क्लीनिंग मारत राहिलं की भरलेली शाई आतल्या पॅडमध्ये जाते नुसती, आणि ते पॅड भरलं की आणखी नवं दुखणं. अख्ख्या घरात हा फोटो वाईट आलाय हे फक्त मलाच दिसतंय की काय असं वाटायला लागलं. वहिनीसुद्धा म्हणाली, "चांगला तर आहे." त्या रात्री मी खरंच रडले थोडी. फोटोसाठी नाही.

मग सकाळी शांत डोक्याने बसले. लॅपटॉप बंद ठेवला आणि प्रिंटरच्याच बटणांवरून नोझल चेक काढला, म्हणजे शाईची सगळी बारीक छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारा रेघांचा कागद. हे फार कामाचं आहे, कुणाचं असं झालं तर आधी हेच करा, कारण तो पॅटर्न प्रिंटर स्वतःच्या पोटातून काढतो, कम्प्युटरचा त्यात काही संबंध नसतो. सहाही शाईंच्या रेघा सलग, एकही तुटलेली नाही. सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी, आणि त्या दोन फिक्या, लाईट सायन आणि लाईट मॅजेंटा. त्या दोन मुळात चेहऱ्यांसारख्या नाजूक छटांसाठीच असतात, कारण गालावरची हलकी सावली गडद शाईच्या सुट्यासुट्या ठिपक्यांनी काढली की दाणे दिसतात. म्हणजे हेड ठणठणीत होतं, दोष कम्प्युटरच्या बाजूला होता.

मग प्रिंटरची प्रॉपर्टीज उघडली आणि बघते तर माझी ओळखीची खिडकीच नाही. पूर्वी तिथे कागदांची ही मोठी यादी असायची, ग्लॉसी, सेमीग्लॉस, मॅट, शिवाय रंगांचा वेगळा टॅब. आता नुसतं प्लेन पेपर, साईज, उभा की आडवा. ड्रायव्हरच्या, म्हणजे कम्प्युटरकडून प्रिंटरला कामं सांगणाऱ्या प्रोग्रामच्या, नावात प्रिंटरच्या कंपनीचं नावच नव्हतं, कसलासा क्लास ड्रायव्हर होता. अपडेटने जुना ड्रायव्हर काढून सगळ्या प्रिंटरना चालेल असा एक सरसकट बसवला होता. हल्ली सगळीकडेच हे वारं आहे, २०१० ला ॲपलचं एअरप्रिंट आलं तेव्हापासून ड्रायव्हर न टाकता छापायचं, आणि बिल, तिकीट, शाळेचे फॉर्म ह्यासाठी ते उत्तमच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला माझा कागद कळत नव्हता. साधा कागद शाई पितो, ती पसरते, म्हणून त्या सेटिंगला प्रिंटर शाई वेगळ्या हिशोबाने टाकतो आणि बारकावेही कमी काढतो. फोटो पेपरवर लेप असतो, तो शाई वरच्यावर धरून ठेवतो. माझ्या ट्रेमध्ये चांगला जाड ग्लॉसी कागद, आणि प्रिंटर त्यावर लाईट बिल छापल्यासारखी माई छापत होता!

कुणीतरी मला विचारायचं तरी. वर्षभर एकेक फोटो काढून, खिडकीशी उजेडात धरून, मी ते सगळं बसवलं होतं. माझं बसवलेलं मोडलं ह्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त हे की त्याची शिक्षा तिला झाली. रंग उतरला म्हणे माझा.

प्रिंटर यादीतून पूर्ण काढून टाकला, प्रिंटरच्या कंपनीच्या साईटवरून माझ्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर उतरवला, रीस्टार्ट करून पुन्हा जोडला, आणि कागदांची यादी परत दिसली तेव्हा इतकं हायसं वाटलं. ग्लॉसी निवडलं, क्वालिटी हाय. दाणे गेले, रेघा गेल्या, काठ चमकले. पण माई आता लाल! उन्हातून आल्यासारखी, निरांजनाचा उजेड तर पार गुलाबी. मग परत बसले, आणि दुपार त्यातच गेली.

ते कारण मात्र सापडलं तेव्हा मला छान वाटलं, खरं सांगते. माझ्या फोटोच्या प्रोग्राममध्ये त्या कागदाचं प्रोफाईल लावलेलं आहे, म्हणजे रंगांची दुरुस्ती तो करूनच पुढे पाठवतो. आणि नवीन बसवलेल्या ड्रायव्हरचं स्वतःचं कलर करेक्शन सुरूच असतं. दोघांनीही सुधारणा केली, एकाच चेहऱ्याची, एकावर एक. ड्रायव्हरमधली बंद केली, फक्त प्रोग्राममधली ठेवली, आणि झालं. ह्या प्रोफाईलचं वाचत गेले तर कळलं की १९९३ मध्ये ह्याच एका प्रश्नासाठी कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी (क्रिकेटवाली नाही, इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) काढली, की एकाच फोटोचा रंग एका यंत्रावर असा आणि दुसऱ्यावर तसा का. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी आणलं तेही ह्याचसाठी, पडद्यापासून कागदापर्यंत सगळ्यांनी रंग एकाच मापाने मोजावा म्हणून. म्हणजे इतक्या माणसांनी, इतक्या वर्षांपूर्वी, हाच रंग असा का आला म्हणून डोकं खपवलं होतं. मी उगाच चिवट नाहीये. मला जे दिसत होतं ते होतं.

तरी स्क्रीनवरची डाळिंबी ती डाळिंबीच, कागदावर एक छटा कमीच येते. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला खोलीतला उधार घ्यावा लागतो, त्याला काय करणार. स्क्रीनचा ब्राईटनेस खाली आणला तेव्हा दोन्ही बरीच जवळ आली. सुकायला ठेवले, ट्यूबलाईटखाली निर्णय घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि संध्याकाळी ऊन जायच्या आधी गॅलरीत नेऊन बघितले. माई माईसारखी दिसत होती. गालावर उजेड. सुरकुत्या सगळ्या आहेत, मला त्या पुसायच्या नव्हत्याच कधी. ती थकलीय हेही खरं आहे, ते कुठल्या ड्रायव्हरने बदलणार नाही, आणि कदाचित तिने कागदात जे बघितलं ते अगदीच खोटं नव्हतं. पण ते तिचं तिने बघावं, शाई कमी पडली म्हणून नको.

सेटिंग प्रीसेट करून ठेवली, शिवाय कागदाच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवली, कारण पुढचा अपडेट येणार तो येणारच. अल्बमचे उरलेले फोटो उद्या काढते, ग्लॉसी संपत आलाय तो आणायला हवा.

एकच राहिलंय. तो पहिला, राखाडी फोटो माईने मनूआत्याला देऊन टाकलाय, आणि आत्याने तो देवघराशेजारच्या भिंतीला लावलाही म्हणे. परत मागायचा कसा? मागितला तर माईला कारण सांगावं लागेल, आणि मग ते वाक्य परत निघेल. वहिनी म्हणते काही बोलू नकोस, रविवारी नवीन घेऊन जा, फ्रेम करून, आणि तूच तिथे लाव. तसंच करते बहुतेक. आठ बाय दहा काढते, म्हणजे जुना काढावाच लागेल त्यांना.