ऑगस्टात फुटलेलं बोंड

ऑगस्टचा पहिला आठवडा. सकाळी बघतो तर कापसाच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच व्हिडिओ. फुटलेलं बोंड, आत गुलाबी अळी आणि मागून घोगरा आवाज: ‘आपल्या भागात बोंडअळी आली, आजच फवारा.’ शेतकऱ्यांपर्यंत सल्ला पोचवणं हे माझं काम, त्यामुळे फोनवर फोन. एक जण तर औषधाच्या दुकानातूनच विचारत होता, “सर, कोणतं घेऊ?”

अळी खरी होती. पण जूनअखेर लावलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, आत्ता कुठे पात्या (फुलाच्या कळ्या) धरत होत्या. फुटलेलं बोंड आणणार कुठून? व्हिडिओ दिवाळीच्या सुमाराचा. कुठल्या वर्षाचा, कोण जाणे.

यवतमाळात असल्या गोष्टीला उशीर परवडत नाही. 2017 साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 जणांच्या वर शेतकरी-मजूर गेले. लेखी पत्रकाच्या भानगडीत पडलो नाही. ते लोक न वाचताच पुढे ढकलतात. वऱ्हाडीत मिनिटभर बोलून ऑडिओ टाकला: आधी आपली पऱ्हाटी पाहा. मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजा. एका सापळ्यात रात्रीला 8, तेही सलग 3 रात्री सापडले, तर फवारणीचं बोलू. फुलांचे फोटो जवळून काढून पाठवा.

दुपारपर्यंत फोटोच फोटो. काही हललेले, काहींत फुलापेक्षा अंगठाच मोठा. बहुतेक शेतं चांगली होती. मग एका बाईंनी मुलाच्या फोनवरून बोलून पाठवलं, “सर, फुलं उमलूनच नाही राह्यले.” सोबत फोटो, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. डोमकळी! बोंडअळी आत शिरली की फूल असं मिटलेलंच राहतं. फूल फोडून आतला फोटो मागवला. आत बारीक पांढरी अळी, डोकं काळपट.

“पण व्हिडिओत तं गुलाबी होती,” त्या म्हणाल्या.

लहानपणी ती पांढरीच असते. गुलाबी होते ती मोठेपणी. त्या व्हिडिओनं सगळ्यांना नेमकी चुकीची अळी शोधायला लावली होती.

गाडी काढून शेतावर गेलो. ठिबकवरची, मे महिन्यात लावलेली पऱ्हाटी, जवळच जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. जिनिंगमधल्या जुन्या कापसातून निघालेल्या पतंगांना आयतीच फुलं मिळाली होती. डोमकळ्या वेचून जाळायला लावल्या, निंबोळी अर्क सांगितला आणि तिथंच व्हिडिओ काढला. बोलल्या बाईच. गाव आणि तारीख आधी बोलून घेतली, मग फूल उघडून दाखवलं.

जुन्या व्हिडिओइतका हा काही फिरला नाही. पण रात्री त्याच गावातून आणखी डोमकळ्यांचे फोटो आले, सगळे मे महिन्याच्या पऱ्हाटीतले.