माझी साखरेची वही

जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास माझा नववीवर असतो. गेल्या वर्षी जानेवारीत त्या तासाला फळ्यावर वर्तुळ काढताना माझे डोळे मिटायला लागले. रात्री सात तास झोप झालेली होती. घरी आल्यावर चहा, चहाबरोबर चार बिस्किटं, तासाभराने पुन्हा तीच मरगळ. वय ४६, त्यामुळे जो तो म्हणे, या वयात व्हायचंच. मला ते पटलं नाही आणि मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी निघाल्या. हिमोग्लोबिन १०.२, म्हणजे कमी, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.१. हे ५.७ ते ६.४ असलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, असं धरतात. डॉक्टर म्हणाले, "बाई, एवढ्यावर ठरवायला नको. अंगात लोह कमी असलं की हा आकडा मुळात आहे त्याहून जास्त येऊ शकतो." म्हणून त्यांनी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी सांगितली. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी, मग दोन तास तिथेच बाकावर. ते पाणी इतकं गोड असतं की शेवटचे घोट नाक दाबून घ्यावे लागले. उपाशीपोटी ९९, दोन तासांनी १६२. दोन तासांनंतर १४० च्या आत हवं होतं. म्हणजे उंबरठ्यावर होतेच.

यातलं एक मला आजही टोचतं. आमच्याकडे दरवर्षी शिबिरात उपाशीपोटीची साखर बघतात. माझी ती कायम शंभराच्या आत यायची आणि मी निर्धास्त असायचे. जेवल्यानंतर काय होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावर आहेत. त्यातली माझ्यासारखी किती असतील, ज्यांना सकाळचा आकडा बघून घरी पाठवलं जातं!

औषध म्हणून फक्त लोहाच्या गोळ्या मिळाल्या. साखरेसाठी डॉक्टरांनी ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तातून घरी साखर मोजायचं यंत्र, घ्यायला सांगितलं आणि वर बजावलं, "उगाच दिवसभर बोटं टोचू नका. एक जेवण निवडा. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा." पहिल्या घासापासून, हे महत्त्वाचं. मी आधी हात धुतल्यापासून मोजत होते. बोट मधोमध न टोचता कडेला टोचलं की दुखत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. रक्ताचा थेंब ज्यावर घ्यायचा ती पट्टी वीसेक रुपयांना पडते, म्हणून कुठलीही पट्टी वाया घालवायची नाही असं ठरवलं आणि मुलाची जुनी शंभरपानी वही घेतली.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे प्रश्न भाताचाच होता. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अगो, भाताशिवाय जेवण म्हणजे काय जेवण!" मलाही भात सोडायचा नव्हता. मी स्टीलची वाटी घेऊन माझा रोजचा भात मोजला. अडीच वाट्या निघाला. त्यावर वरण, बाजूला चमचाभर भाजी. दोन तासांनी १७१. तीन दिवसांनी तेवढाच भात, पण आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर वालाची उसळ संपवली आणि मग भाताला हात लावला. १५२. मग भात एक वाटी, उसळ तेवढीच, जोडीला बांगडा. १२९.

मला खरा धक्का तांदळाच्या भाकरीने दिला. भाकरी म्हणजे हलकं, पथ्याचं, असं आम्ही धरून चालतो. दोन भाकऱ्यांनंतर १६६! नंतर लक्षात आलं की भाकरी झाली तरी ते तांदळाचंच पीठ, तेही बारीक दळलेलं. नाचणीची एक भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली तर मला १३० च्या आसपास राहतं. हे माझे आकडे आहेत. यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, तेच ताट जेवून मोजलं तर त्यांचे वेगळे आले.

मे महिन्यात मात्र मी घाबरले. दुपारी घरात पाहुणे होते, मी आंबे कापत होते आणि मोजायची वेळ झाली म्हणून साडीला हात पुसून तसंच बोट टोचलं. २४३. पाय गळाले. मुलगी म्हणाली, "आई, साबणाने हात धुऊन ये आधी." धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. ११८. बोटाला लागलेला आंब्याचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. तेव्हापासून हात धुतल्याशिवाय पट्टी बाहेर काढायची नाही. आंबाही सोडला नाही. जेवणावर आख्खा हापूस खाल्ला की आकडा १८० च्या वर जातो, पण चार वाजता अर्धा, सोबत मूठभर शेंगदाणे, हे मला झेपतं.

पावसाळ्यात दुसरा घोटाळा. आकडे वेडेवाकडे यायला लागले. पाच मिनिटांत एकदा ९२, एकदा १४१. यंत्र बिघडलं असं वाटलं. बिघडल्या होत्या पट्ट्या. डबीचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि कोकणातली जुलैची हवा! पट्ट्यांना दमट हवा चालत नाही. नवी डबी आणली आणि सगळं सुरळीत झालं. तसंही घरच्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून १२९ की १३४ यावर जीव जाळायचा नाही. १२९ की १७१, हे बघायचं.

श्रावणातल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी मोजली. १८९. वहीतला सगळ्यात मोठा खरा आकडा हाच, आणि तो उपासाचा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, पण पिढ्यानपिढ्या आम्ही तो पोटाला आराम म्हणून खात आलो.

दिवाळीच्या आधी पुण्याहून दादाने दंडावर चिकटवायचा सेन्सर पाठवला. तो चौदा दिवस चालतो. तो थेट रक्तातली नाही, तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. एका रात्री त्याने ५८ दाखवलं आणि मी दचकून उठले. बोट टोचून बघितलं तर ९६. मी त्याच दंडावर झोपले होते. दाबामुळे आकडा खाली जातो, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण एका गोष्टीसाठी मी दादाची ऋणी आहे. जेवल्यावर शाळेच्या व्हरांड्यात पंधरा मिनिटं चालले, तर मोबाईलवरची चढत जाणारी रेघ डोळ्यांदेखत वळून खाली येऊ लागे. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे नुसतं वाचून माझ्याकडून कधी चालणं झालं नव्हतं. ती रेघ बघितल्यापासून एक दिवस चुकला नाही. आता आणखी दोघी मैत्रिणी सोबत असतात.

यंदा जानेवारीत पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. एचबीए१सी ५.७, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १३१, हिमोग्लोबिन १२.४. वजन चार किलो उतरलं. नववीच्या तासाला झोप येत नाही. याचं सगळं श्रेय साखरेला देणं खोटं ठरेल. लोहाच्या गोळ्यांनीही मोठं काम केलं आहे, आणि थकवा येतो म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हिमोग्लोबिन बघायला सांगते. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर कमी करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी माझं बघून जेवण कमी करू नये. त्यांची साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावं.

आता महिन्यातून चार-पाचदाच टोचते, तेही काही नवं खाल्लं तर. गेल्या महिन्यात सासूबाईंनी स्वतःहून बोट पुढे केलं. "बघ माझंही." भात जेवून दोन तास झाले होते. २१४. दुसऱ्याच दिवशी त्यांना तपासणीला नेलं, औषध सुरू झालं आणि त्यांच्या ताटातही आता उसळ आधी येते. भात एक वाटी, वाटी त्या स्वतः मोजून घेतात. या श्रावणात आम्हा दोघींना वरीचे तांदूळ मोजायचे आहेत.