पाप नाही, तरी दूध नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न बहुतेक वेळा लग्नाच्या पंगतीत येतो, वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन समोर उभा असताना. मी पेल्यावर हात ठेवतो, शेजारचे कारण विचारतात, मी व्हीगन, म्हणजे दूधदुभत्यासकट प्राण्यांपासून येणारं काहीच न खाणारा, असल्याचं सांगतो आणि मग ठरलेलं वाक्य येतं: "पण तू तर देव मानत नाहीस, पाप-पुण्य मानत नाहीस. मग ताकानं काय बिघडतं?"

प्रश्न रास्त आहे. 'प्राण्याला दुखवू नये' हे कुठे आभाळात कोरून ठेवलंय असं मला खरंच वाटत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कुणी मानो न मानो, खरंच असतं. 'हे वाईट आहे' हे त्याच अर्थानं खरं असतं, असं म्हणायला मला आजवर आधार सापडलेला नाही. तरी नऊ वर्षं दूध, दही, तूप, अंडं, मध बंद आहे. (मध सोडणं काहीच नव्हतं. वरणभातावरच्या तुपानं मात्र वर्षभर छळलं.)

आमच्या मामाकडे दोन म्हशी होत्या. सुट्टीत एखादी व्यायली की आम्हा पोरांची चैन असायची. पहिल्या धारांचा चीक, त्यात गूळ, वेलदोडा, वर किसलेलं जायफळ, आणि मामी डबा वाफवायला ठेवायची. खरवस होईपर्यंत आम्ही गोठ्यात. धार काढण्याआधी मामा रेडकू सोडायचा. त्यानं दोन ढुशा दिल्या की म्हैस पान्हवायची. लगेच त्याचं तोंड ओढून त्याला पलीकडच्या खुंट्याला बांधायचं. पारडी असली तर तिच्यासाठी थोडं दूध राखलं जायचं, कारण ती उद्याची म्हैस. टोणगा असला तर त्याच्या वाट्याला हात आखडता.

एका उन्हाळ्यात असाच एक टोणगा आठव्या दिवशी दगावला. मामानं कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवलं. ती चाटत राहिली आणि खाली चरवीत धार वाजत राहिली. मामा दुष्ट नव्हता. सोसायटीचा हप्ता होता, पेंडीचे पैसे द्यायचे होते. म्हैस दहा महिने गाभण राहणार, व्याल्याशिवाय दूध नाही, आणि होणाऱ्या रेडकांत निम्मे टोणगे. एवढा हिशेब पुरतो, दुष्टपणा लागतच नाही. त्या संध्याकाळी मी खरवस खाल्ला, हेही सांगायला हवं. मोठा झाल्यावर कधीतरी तो आवाज परत ऐकू यायला लागला.

आता या गोठ्यापासून दूध सोडण्यापर्यंत यायला मला काय लागलं? एक, तिथं काय होतं ते ठाऊक असणं. दुसरं, ते मला नकोसं वाटणं. 'तुझं हे नकोसं वाटणं विश्वाच्या दृष्टीनं बरोबर आहे' असं तिसरं प्रमाणपत्र नेमकं कुठे जोडायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

यावर एक हुशार आतेभाऊ म्हणाला, "म्हणजे तुला कारलं आवडत नाही, तसंच हे." तसंच नाही. उद्या मला कारलं आवडायला लागलं तर मी आनंदानं खाईन. पण उद्या त्या रेडकाचं मला काहीच वाटेनासं झालं तर? तसा मी व्हायला आज माझी तयारी नाही. कारल्याचा मामला माझ्या जिभेपुरता, इथे खुंट्याला दुसरं कुणीतरी बांधलेलं आहे.

शिवाय चांगलं-वाईट हे सत्यच असतं असं मानणाऱ्यांचं तरी काय होतं? गांधीजींहून सत्याला मानणारा माणूस कुठून आणायचा! गाईम्हशींचे कसे हाल होतात ते त्यांनी वाचलं होतं. हे काही एकच कारण नव्हतं, पण १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या टॉल्स्टॉय फार्म या वसाहतीत त्यांनी दूध सोडलं. १९१८ मध्ये सुरू झालेल्या आजारपणात डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. कस्तुरबांनी सुचवलं, व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती? त्यांनी शेळीचं दूध घेतलं, आणि व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मोडला, हे आत्मकथेत स्वतःच लिहिलं. मला त्या कबुलीबद्दल फार आदर आहे.

उलट टोकाला जोएल मार्क्स. अमेरिकेत वर्षानुवर्षं नीतिशास्त्र शिकवलेला, नैतिक कर्तव्य सगळ्यांवर बंधनकारक मानणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या वाटेनं जाणारा हा प्राध्यापक. २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं की नैतिकता नावाची गोष्टच नाही. प्राण्यांच्या बाजूनं बोलणं मात्र चालूच राहिलं. फक्त 'हे चूक आहे' म्हणणं त्यांनी सोडलं.

म्हणजे श्रद्धा होती तिथे दूध आलं, श्रद्धा गेली तिथे निश्चय राहिला. दोन उदाहरणांनी सिद्धांत होत नाही, पण पंगतीतल्या शंकेला ती पुरेत.

एक ठिकाणी मात्र मी अडतो. एखाद्याला रेडकाचं खरोखर काहीच वाटत नसेल, तर त्याला बांधून घालणारं माझ्याकडे काही नाही. तशी माणसं मला फार थोडी भेटली. रस्त्यावरच्या कुत्र्याला कुणी काठी हाणली की बहुतेकांचा हात आपसूक पुढे होतो. त्यांना गोठ्यातलं एवढंच सांगायचं उरतं. आणि तो विरळा माणूस? सत्य मानणारा त्याला 'तू चुकतोयस' म्हणू शकतो, हे खरं. तो 'बरं' म्हणेल आणि चहात दूध ओतेल.

मामी आता थकली. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तिनं खरवसाची वाटी पुढे केली, मी नको म्हटलं. "उपास आहे का रे?" मी हो म्हणून टाकलं.

"अरे, उपासाला चालतं की दूध!"